शेवट सांगितल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी रजा घेतली, आणि परत आले तर माझ्या ग्रंथालयात कोर्ट भरलं होतं.

कोर्टच म्हणायचं त्याला. दारापासून काउंटरपर्यंत पोरांची रांग. काउंटरमागे माझ्या मदतनीस ताई, हातात तारखेचा शिक्का. समोर चौथीतलं एक पोर हात पाठीमागे घेऊन उभं. ताईंनी विचारलं, "शेवटी काय झालं?" पोरानं धडाधड उत्तर दिलं. ताईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं, शिक्का हाणला आणि म्हणाल्या, "पुढचा." मी नव्या पुस्तकांची चित्रं जिथं लावायचे, तिथं आता एक पांढरा पुठ्ठा होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शेवट सांगितल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळणार नाही.' खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. अख्ख्या शाळेत इतकं ताठ अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही.

पोरं ताईंना हवालदार म्हणतात, ते उगाच नाही. त्या माझ्या कितीतरी आधीपासून इथं आहेत. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची आपल्यालाच मिळणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि पदवीचा कागद घेऊन आले मी. तेव्हापासून त्या मला मॅडम म्हणतात, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, ताईंच्या पायाखाली काहीतरी आलं. कामाला वाघ आहेत, हे कबूल. फाटलेल्या पुस्तकाचा कणा त्या असा चिकटवतात की पुस्तक नव्यापेक्षा मजबूत होतं. पण पुस्तक जपायचं ते पोरांपासून, अशी त्यांची ठाम समजूत. आणि मी रजेवर गेल्यावर त्या समजुतीला रान मोकळं मिळालं.

"हे काय चाललंय, ताई?" मी रांग संपल्यावर विचारलं.

"शिस्त," त्या म्हणाल्या. "न वाचता नेतात आणि न वाचता आणतात. हमाली करतात नुसती. आता बघा कशी वाचतात."

खरं सांगते, पहिल्या दिवशी मी गप्प बसले. हेतू वाईट नसेल, म्हटलं. आल्या आल्या भांडण नको. आमच्याकडे नव्या सुनेला देतात तो सल्ला मी नोकरीतही पाळते, आणि दोन्हीकडे पस्तावते.

दुसऱ्या दिवशी मी कपाटाआड नोंदी तपासत होते. काउंटरवर सातवीतला तो बडबड्या आला. याला अख्खी शाळा पोपट म्हणते. त्याच्या हातात मधमाश्यांवरचं माहितीचं पुस्तक होतं. शेवटी काय झालं, असं ताईंनी विचारताच पोपट छाती काढून म्हणाला, "शेवटी सगळ्यांना आपली चूक कळते आणि ते एकोप्यानं राहू लागतात."

शिक्का पडला.

मला आधी हसू आलं. मग हसू विरलं, कारण त्याच्या मागची मुलगी बेडकांच्या पुस्तकाला तोच शेवट लावून गेली. तिच्या मागच्यानं कोड्यांच्या पुस्तकाला. मधल्या सुट्टीत मी पोपटाला धरलं. तो घाबरला वगैरे नाही. "बाई, त्या काय विचारतात ते महत्त्वाचं नाही," त्यानं मला समजावून सांगितलं. "डोळ्यांत बघून पटकन बोलायचं. थांबलं की मेलं." शेवट काहीही चालतो, हे साऱ्या शाळेला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त ताईंना आणि मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी तर पालकसभेत या परीक्षेचं कौतुक करून टाळ्यासुद्धा घेतल्या होत्या.

म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, की पुस्तक घरी. हे इतपतच असतं तर मी म्हटलं असतं, चालू दे गंमत, पोरं गोष्टी रचायला तरी शिकतायत. पण खिडकीखालची जागा रिकामी होती.

तिथं सहावीतली एक मुलगी बसायची. मी मनातल्या मनात तिला खिडकीवाली म्हणते. आमच्या शाळेत तिच्याइतकं कुणी वाचत नाही, शिक्षक धरून. बोलताना ती अडखळते. थोडीथोडकी नाही, एखाद्या शब्दावर गाडी अडते ती अडतेच, मान वाकडी होते, डोळे मिटतात, आणि समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. पुस्तकांना घड्याळ नसतं, म्हणून ती पुस्तकांकडे येते. बर्फात अडकलेल्या जहाजाची एक तीन भागांची मोठी गोष्ट आमच्याकडे आहे. पहिला भाग तिनं माझ्या देखत, खिडकीखाली बसून संपवला होता. मी रजेवर गेले त्या दिवशी तिनं दुसरा नेला होता. तिसरा कपाटात जसाच्या तसा होता.

ती मला जिन्याखाली सापडली, खेळाचं सामान ठेवतात तिथं. मांडीवर तोच दुसरा भाग. दुसऱ्यांदा वाचत होती, का तिसऱ्यांदा, कोण जाणे.

"तिसरा न्यायला येत नाहीस का गं?"

तिनं मान हलवली. मग बराच वेळ लावून बोलली. ती एकदा गेली होती. ताईंनी शेवट विचारला. तिला पहिलाच शब्द निघेना. मागच्या रांगेतून कुणीतरी टिकटिक असा घड्याळाचा आवाज काढला. ताई म्हणाल्या, "वाचलं असतं तर अडखळली नसतीस. जा, वाचून ये."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मधमाश्यांना एकोप्यानं नांदवणारा पोपट पास, आणि शब्द न् शब्द वाचलेली पोर नापास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते दुसरं काय असतं?

शाळा सुटल्यावर ताई डिंकाची वाटी घेऊन फाटकी पानं जोडत बसल्या होत्या. मी समोर खुर्ची ओढली.

"ताई, त्या मुलीला बोलताना त्रास होतो. तुम्हाला माहीत आहे."

"मैदानावर ओरडताना बरा होत नाही त्रास," त्या मान वर न करता म्हणाल्या. "गाणं म्हणताना होत नाही. फक्त जाब विचारला की होतो. नाटकं असतात ही, मॅडम. तुम्ही नव्या आहात."

"ओरडताना, गाताना खूप जणांची जीभ सुटते. नाटक नाही ते. आणि मी आता नवी राहिले नाही."

"खरं वाचलेलं पोर अडखळत नाही. मी चेहऱ्यावरून ओळखते."

"पोपटानं काल काय सांगितलं, ऐकलंत ना?"

"स्वच्छ सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि पानावर असा बोळा फिरवला की बोलणं तिथंच चिकटून बसलं.

मी घरी जाऊन आदळआपट केली. नवरा बॉयलर दुरुस्त करतो, त्यामुळे वाफ कुठून सुटतेय हे त्याला लगेच कळतं. "भांडायचं तर तिथं भांड," तो म्हणाला, "भांडण डब्यात घालून घरी आणू नकोस." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी उमेदीची सारी वर्षं दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत घालवलेली.

"अगं, समोर रांग लागली ना," त्या म्हणाल्या, "की माणसाला वाटायला लागतं, आपण न्यायाधीश आहोत. मलाही वाटायचं. कोण खरं आजारी आणि कोण ढोंगी, मी आपली तोंडावरून ठरवायची."

"मग थांबलात कशा, आई?"

"थांबते कसली. खिडकी बदलली माझी."

हा उपाय माझ्या हातात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांत सोपा मार्ग धरला. ग्रंथपाल मी आहे, पुस्तकं माझ्या ताब्यात आहेत. मी तिसरा भाग काढला, वर्गात जाऊन खिडकीवालीच्या हातात दिला. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलं. तासाभरात ही बातमी ताईंपर्यंत पोचली. मधल्या सुट्टीत भरल्या रांगेसमोर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ज्यांचं मॅडमकडे वजन आहे, त्यांनी सांगितलं नाही तरी चालेल. बाकीच्यांनी शेवट सांगायचा." पोरं हसली. पोरांना हसायला काय लागतं? दुपारी तिसरा भाग काउंटरवर परत आला होता. पहिलं पानसुद्धा उलटलेलं नव्हतं. वर्गात तिला सगळे 'मॅडमची लाडकी' म्हणायला लागले होते, असं मला नंतर कळलं. तिच्यावर उपकार करायला गेले आणि तिच्या पाठीवर आणखी एक पाटी चिकटवून आले.

मग मी मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, मधमाश्यांपासून जिन्याखालच्या मुलीपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मग म्हणाल्या, "ताई मनापासून करतात हो. पालक खूश आहेत. जरा सांभाळून घ्या."

आमच्या शाळेत हे एकच औषध आहे. छत गळतंय, सांभाळून घ्या. दोन शिक्षक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सांभाळून घ्या. आणि सांभाळून घ्यायचं नेहमी त्यानंच, ज्याचं बरोबर आहे. जो चुकतो त्याला कुणी सांभाळून घ्यायला सांगत नाही, कारण तो ऐकणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

"त्या मुलीचंच म्हणाल, तर तिला लेखी उत्तर देऊ दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सवलत म्हणून."

मी ती सवलत घेऊन जिन्याखाली गेले. खिडकीवालीनं ऐकलं आणि नाही म्हणाली. बाकी सगळे बोलणार आणि ती एकटी चिठ्ठी देणार, हे तिला नको होतं. तिचं बरोबर होतं. मलाच लाज वाटली की असला निरोप घेऊन मी गेलेच कशी.

त्या रात्री मला कळलं की मी इतके दिवस भांडणच केलं नव्हतं. आडून बोलले, मागून पुस्तक दिलं, वर तक्रार केली. समोरासमोर एकदाही उभी राहिले नाही. सकाळी ग्रंथालय उघडलं आणि ताई यायच्या आधी तो पुठ्ठा काढून कपाटावर टाकला. त्या आल्या, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आजपासून काउंटरवर मी बसते," मी म्हणाले. "शेवट विचारायचा नाही. पोरांनी पुस्तक आणायचं, दुसरं न्यायचं."

"मोठ्या बाईंना विचारलंत?"

"नाही."

"मग मी विचारते," म्हणत त्या पर्स न ठेवताच वळल्या.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई स्वतः आल्या. ताई त्यांच्या मागे, ओठ घट्ट मिटून. रांग लागलेलीच होती. नेमका रांगेत पुढे पोपट, हातात ज्वालामुखीचं पुस्तक. देव एखाद्या दिवशी फारच उदार होतो.

"विचारा ताई," मी शिक्का त्यांच्या हातात देत म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं विचारा. मोठ्या बाईंना बघू दे."

ताईंनी विचारलं. पोपटानं एकदा माझ्याकडे, एकदा मोठ्या बाईंकडे बघितलं, पण सवय ती सवय. "शेवटी सगळ्यांना आपली चूक कळते आणि ते एकोप्यानं राहू लागतात."

"बरोबर?" मी ताईंना विचारलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

मी पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. तिथं लाव्हा थंड झाल्यावर कोणकोणते दगड तयार होतात ते लिहिलं होतं. रांगेत खसखस पिकली. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. मला थांबता आलं असतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, आणि मला थांबायचंही नव्हतं.

"ताई, या कपाटांतली किती पुस्तकं तुम्ही वाचलीत?"

त्या कपाटांकडे बघायला लागल्या.

"एखादं तरी?"

"वेळ कुठे असतो," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "माझ्या हाताखालून सगळी जातात. चिकटवते, शिवते, शिक्के मारते. वाचायला कुणी सांगितलं नाही कधी."

"मग खरं-खोटं ठरवत होतात कशावरून? त्या अडखळणाऱ्या पोरीला परत पाठवलंत, ते कशावरून?"

"ठीक आहे, ठीक आहे," मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या. "ही पद्धत आजपासून बंद. तुम्ही दोघी आपसात सांभाळून..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्या निघून गेल्या.

जिंकले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ताई खाली बघत उभ्या होत्या, आणि मला त्यांची कीव आली नाही. मी रांगेकडे वळले, तेव्हा कुठे मला दिसलं की पोपटाच्या मागे खिडकीवाली उभी आहे. दुसरा भाग छातीशी धरून. मी पुठ्ठा काढलाय, हे तिला कुठून माहीत असणार? ती आज परीक्षा द्यायला आली होती.

"ये बाळा," मी म्हणाले. तिसरा भाग मी काउंटरखाली काढूनच ठेवला होता. तो तिच्यापुढे धरला. "आता काही सांगायची गरज नाही. ने तू."

तिनं पुस्तक घेतलं नाही. ती ताईंच्या समोर जाऊन उभी राहिली. माझ्या नाही, ताईंच्या.

"शे... शेवटी," ती म्हणाली. "शेवटी क... क..."

मान वाकडी झाली, डोळे मिटले. रांग तिच्याकडे बघत होती. इतकं सगळं केलं ते हिला या छळातून सोडवायला, आणि ही आपणहून पुन्हा त्यात उभी. माझ्यानं बघवेना.

"कप्तान," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. जिन्याखाली तिनं ताईंबद्दल सांगितलं तेव्हासुद्धा तिच्या चेहऱ्यावर एवढा राग नव्हता.

"तु... तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "माझं आहे."

मी तोंड मिटलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, 'शेवटी'पासून. कप्तान शब्द आला तेव्हा तो तिचा तिनं ओढून बाहेर काढला. कप्तान आपल्या धाकट्या भावाला छोट्या नावेत बसवतो. जहाजावरचं एकुलतं एक होकायंत्र त्याच्या हातात देतो. आणि स्वतः गोठलेल्या जहाजावर मागे राहतो. एवढंच. पण तेवढ्याला घंटा होऊन गेली. कुणी वर्गाकडे पळालं नाही. पोपटसुद्धा नाही.

ताईंच्या हातात शिक्का तसाच होता. त्यांनी मान वर केली. "भावालाच का दिलं होकायंत्र?" त्यांनी विचारलं. तो जाब नव्हता. त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

मुलीनं हातातला दुसरा भाग त्यांच्यापुढे काउंटरवर ठेवला.

"व..." ती म्हणाली. "व..."

शब्द मला कळला होता. ताईंना कळला होता, रांगेतल्या शेवटच्या पोरालाही कळला असेल. ती अडली होती, आणि वेळ जात होता. माझ्या ओठांवर येऊन तो शब्द परत गेला. कुणीही तो बोललं नाही. सगळे थांबलो.

"वाचा," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला तिसरा भाग घेऊन वर्गात गेली.